एकजण कमी

१

दिवसभर खुर्चीत बसून लोकांची जुनी भांडणं ऐकायची आणि त्याचा पगार घ्यायचा, असंही काम असतं हे आमच्या शेजारणीला अजून खरं वाटत नाही. न वाटो बापडीला. मी तरी किती वेळा समजावू? आमचा संग्रह चळवळींचा आहे. संप, मोर्चे, बंदी आलेल्या संघटना, फुटलेल्या संघटना, फुटून पुन्हा फुटलेल्या संघटना, या सगळ्यांच्या मागे जे काही उरतं ते आमच्याकडे येतं. पत्रकं, पोस्टरं, कापडी फलक, बिल्ले, एक पिचका भोंगा. साहेब त्याला वारसा म्हणतात. आम्ही आपसांत 'मोर्च्यांचं गोदाम' म्हणतो.

माझं खातं आवाजाचं. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पलंगाखाली सापडलेल्या कॅसेट माझ्या टेबलावर येतात. मी त्यांचे स्क्रू काढते, बुरशी पुसते, डेकमध्ये घालते आणि कॉम्प्युटरवर उतरवून घेते. यात घाई चालत नाही. दीड तासाची कॅसेट उतरवायला दीड तासच लागतो, मग साहेब दारात उभे राहून कितीही घड्याळ बघोत. खोलीला खिडकी एकच, तीही मागच्या गल्लीकडे उघडणारी. जेवणानंतर समोरच्या भिंतीवर उन्हाचा चौकोन येतो आणि हळूहळू कपाटाकडे सरकतो. त्या वेळेला कानातले आवाज जरा जास्तच जवळचे वाटतात. मला ती वेळ आवडायची.

शेजारच्या खोलीत चिकटपट्टी बसतो. फाटकी पोस्टरं जोडणं हे त्याचं काम. चिकटपट्टीचं नुसतं नाव काढलं तरी तो अंगावर येतो, कारण तिच्यामुळे जुना कागद मरतो म्हणे. म्हणून आम्ही त्याला तेच नाव ठेवलं. तो मला कर्णपिशाच्च म्हणतो. फिट्टंफाट.

२

ताई गेली तेव्हा मी शाळकरी होते. 'गेली' म्हणजे वारली, असं आमच्या घरात कोणी कधी म्हटलं नाही. ती बाहेर गेली. दुपारी जेवून, वेणीला रबर लावता लावता दारातून म्हणाली, "बैठक आहे, येतेच." झालं. पोलिसांच्या कोठडीत नाही, दवाखान्यात नाही, नदीत नाही. बाबांनी चौक्यांच्या पायऱ्या झिजवल्या आणि मग तेही गेले, पण ते खरोखरच गेले. उरलो आम्ही दोघी, आई आणि मी. मी लग्न केलं नाही. आईसाठी केलं नाही असं लोक म्हणतात, आणि मी ते खोडून काढत नाही. ऐकायला बरं वाटतं.

आता आईचे कान चाललेत. कानाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यंत्र लावून उपयोग नाही, नसच सुकत चाललीय. जे काही ऐकवायचं असेल ते लवकर ऐकवून घ्या." असं बोलतात का कोणी? मी तिथेच त्यांना चार शब्द सुनावणार होते, तेवढ्यात आईने विचारलं, "काय गं, काय म्हणाले?" आणि मला सगळ्या पेशंटांच्या देखत ओरडून सांगावं लागलं, "काही नाही!"

त्या संध्याकाळी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "मोठीचा आवाज आठवत नाही गं मला. चेहरा आठवतो, फोटो आहे. आवाज मात्र कुठे गेला कोण जाणे." मग बराच वेळ एकच ताटली पुसत राहिली. "एकदा कानावर पडला असता ना, मग गेले कान तरी चाललं असतं."

आई असं काही मागत नाही. माझ्याकडे ती औषध मागते, चहा मागते, अंघोळीला गरम पाणी मागते. आणि आता हे मागितलं. कुठून आणून देऊ मी तो आवाज?

आणि पुढच्याच आठवड्यात लाँड्रीवाल्यांचं खोकं आलं.

३

लाँड्रीवाले म्हणजे ताईची माणसं. मोठ्या लाँड्रीत चादरी धुणाऱ्या बायका, इस्त्रीवाले, आणि ताईसारखी टायपिंग करणारी, शिकणारी चार पोरं. त्यांचं एक पोस्टर चिकटपट्टीच्या टेबलावर आधीपासून होतं, त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं, 'हात आमचे, घड्याळही आमचंच.' कामाचे तास कामगारांनीच ठरवायचे, मुकादम नको, मालक नको. त्यांच्यावर बंदी आली यात नवल नाही.

खोक्यात नुसत्या कॅसेट. साहेबांना मी ताईचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'तुम्हाला त्रास होईल' म्हणून त्यांनी खोकं दुसऱ्या कोणाला दिलं असतं. आणि दुसऱ्या कोणाला तिचा आवाज ओळखता येणार होता?

ऐकायला बसले आणि पहिल्याच कॅसेटला हसू आलं. या लोकांना अध्यक्ष नको होता, चिटणीस नको होता, सभासदांची यादी तर नकोच. कागद सापडतो, माणसं अडकतात. म्हणून बैठक टेपवर घ्यायची. नाव कोणी घ्यायचं नाही, हजेरीला प्रत्येकाने बोटाने टेबलावर एकदा वाजवायचं. टक. टक. टक. मग एक घोगरा आवाज म्हणायचा, "चला, सगळे आले." अध्यक्ष नाही म्हणायचं, आणि दर वेळी सुरुवात याच घोगऱ्याने करायची. असतंच असं.

एक जरी कमी असेल तरी बैठक सुरू करायची नाही, हा त्यांचा नियम. एक बाई टेपवर ठासून सांगते, "बहुमत म्हणजे उरलेल्यांचा गळा दाबणं. सगळे, नाहीतर कोणीच नाही." बैठक सुरू झाली की ती संपेपर्यंत उठायचं नाही. फक्त एकाने बाहेर जायचं, सगळ्यांच्या घरी निरोप द्यायला, की उशीर होईल, वाट बघू नका.

मी हे चिकटपट्टीला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणूनच यांची क्रांती राहिली. एक जण चहाला गेला की इतिहास थांबला."

आम्ही दोघं खूप हसलो. पण कॅसेटमागून कॅसेट संपत होती आणि ताईचा आवाज कशातच नव्हता. या पहिल्या बैठकांच्या वेळी ती त्यांच्यात आलीच नव्हती बहुतेक. शेवटची एक कॅसेट उरली. तिच्या पाठीवर तारीख होती, आणि ती तारीख वाचायला मला चष्मा लागला नाही. आमच्या घरात तो दिवस कोणालाही झोपेतून उठवून विचारावा.

४

डेक सुरू केला तेव्हा उन्हाचा चौकोन नुकताच भिंतीवर आला होता. सुरुवातीला खरखर, मग खोली. खोलीलाही आवाज असतो हे या कामात कळतं. छोटी खोली कानाला घट्ट बसते, मोठी सैल. ही छोटी होती. पंखा फिरत होता. कपबशी कोणीतरी खाली ठेवली. मग टक. टक. टक. टक.

आणि घोगरा म्हणाला, "एकजण कमी."

मी वाट बघू लागले. तेही वाट बघत होते. खुर्च्या कुरकुरल्या, कोणी जांभई दिली, खिडकीत पारवा घुमला. कोणीतरी घसा खाकरला, दोन वेळा, आखूड. माझा हात होता तिथेच थांबला. ताई अशीच खाकरायची, फोन उचलण्याआधी. ती आहे! त्या खोलीत बसलीय! मी हेडफोन कानावर दाबून धरले. आता बोलेल, आता बोलेल. पण कोणीच बोललं नाही. एकजण कमी होता ना. कॅसेटची एक बाजू संपली, मी उलटी घातली, दुसरी बाजूही तशीच गेली. निव्वळ वाट बघणं.

आईला काय ऐकवू? खाकरणं?

रागाने मी हेडफोन काढणार, तेवढ्यात त्यात लिफ्ट वाजली. आमच्या लिफ्टची घंटी बसलेली आहे, ती आधी कण्हते आणि मग वाजते. कानात अगदी तशीच कण्हली. मी हेडफोन काढून बाहेर डोकावले. लिफ्ट आमच्या मजल्यावर उभी होती आणि पाणीवाला जार उतरवत होता.

बाहेरचा आवाज कानात आला, एवढंच, असं मी स्वतःला सांगितलं. हेडफोन जुने आहेत, स्पंज झिजलाय. पटण्यासारखं होतं. मीही पटवून घेतलं. घरी जाताना मात्र जिन्याने उतरले.

५

दुसऱ्या दिवशी तीच कॅसेट पुन्हा लावली. कोणी म्हणेल, कशाला? अहो, माझी बहीण आहे त्यात.

टक. टक. टक. टक. "एकजण कमी." आणि मग वाट बघणं, पण कालचं नव्हे. पारवा नव्हता. कपबशी आधी वाजली. आणि कोणीतरी हळूच विचारलं, "अजून किती वेळ?" हा प्रश्न काल नव्हता. शपथेवर सांगते, नव्हता. मी कॉम्प्युटरवर कालची प्रत उघडली. प्रतीतही तो होता. मग काल माझंच लक्ष नसेल. माणूस दमतो, डुलकी लागते, जेवणानंतरची वेळ.

मी चिकटपट्टीला बोलावलं. हात पुसत आला, हेडफोन लावून उभा राहिला. त्याचा चेहरा मी बघत होते.

"कोरी आहे," तो म्हणाला.

"नीट ऐका. माणसं आहेत."

"पंखा आहे फक्त." त्याने वर बघितलं. "आणि तो आपलाच आहे, कर्णपिशाच्च. ऐका की, तीच कुरकुर." त्याने हेडफोन माझ्या हातात दिले आणि जरा मऊ आवाजात विचारलं, "आई कशी आहे तुमची? झोप होते ना रात्री?"

मी म्हटलं, होते. तो गेल्यावर पुन्हा कानाला लावले. पंखा फिरत होता. डोक्यावरचा आणि कानातला, दोन्ही एकाच लयीत. उन्हाचा चौकोन कपाटापाशी जाऊन थांबला होता. तिकडे कोणीतरी पुन्हा विचारलं, "येणार ना ती?"

आणि घोगरा म्हणाला, "येईल. ऐकतेय ती."

मी डेक बंद केला. मी पाणी प्यायले, खिडकीतून खाली बघितलं. गल्लीत एक माणूस सायकलची साखळी बसवत होता. सगळं जागच्या जागी होतं. मला भीती वाटत होती आणि खरं सांगायचं तर भीतीच्या खाली कुठेतरी बरंही वाटत होतं. माझी वाट बघणारं कोणी आहे, हे मला नवीन होतं.

६

घरी आईने दाराची बेल ऐकली नाही. मी किल्लीने उघडून आत गेले तर ती पाठमोरी बसलेली. हाक मारली, ऐकली नाही. खांद्याला हात लावला तेव्हा केवढी दचकली!

"तू होय," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी बोलले ते तिला कळलं नाही. पुन्हा ओरडून बोलले, तेव्हा म्हणाली, "पाण्यातून बोलल्यासारखं वाटतं गं." मग हसून हात झटकला, पण डोळ्यांत पाणी होतं.

रात्रभर मी विचार केला. उशीर केला तर मग आवाज मिळूनही कोणाला ऐकवणार? सकाळी निघताना मनाशी ठरवूनच निघाले. वेडेपणा तर वेडेपणा. कोणाचं काय जातंय?

जेवण उरकून खोलीचं दार लावून घेतलं. कॅसेट घातली. टक. टक. टक. टक. "एकजण कमी." मी थोडी थांबले. कपबशी वाजली. ताई खाकरली. मग मी उजव्या हाताचं बोट वाकवलं आणि माझ्या टेबलावर वाजवलं.

टक.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ उसळली. त्या कॉम्प्युटरला माइक नाही. त्याला फक्त डेकची वायर आहे. मी त्या रेघेकडे बघत होते, आणि कानात कोणीतरी सुटकेचा श्वास सोडला, एकाने नाही, सगळ्यांनी.

"चला," घोगरा म्हणाला, "सगळे आले."

पुढचं मला सलग सांगता येत नाही. ऊन होतं, पण ते भिंतीवर नव्हतं, टेबलावर होतं. टेबल लांब होतं. साबणाचा, गरम इस्त्रीचा वास होता. माझ्या दोन्ही खांद्यांना कोणाचे तरी खांदे लागत होते, उबदार, दाटीवाटीने बसल्यावर लागतात तसे. मला मान वळवायची होती आणि वळवायची नव्हतीही. आणि माझ्या डाव्या कानाशी, अगदी शेजारी, ताई बोलू लागली.

काय बोलली? काही विशेष नाही. संपाच्या दिवशी चूल कोण सांभाळणार, लेकरांना कोण बघणार. "पुरुषांनी बघावं एक दिवस, मरत नाहीत," असं म्हणाली आणि सगळे हसले. ती भरभर बोलायची आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडून द्यायची, जणू उरलेलं तुम्हीच समजून घ्या. मी हे विसरून गेले होते. इतकं कसं विसरले? मी रडत होते आणि ऐकत होते.

मग ती थांबली आणि म्हणाली, "नवीन आलेल्यांना काही बोलायचंय?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडून शब्द निघाला नाही.

दार खाडकन उघडलं. चिकटपट्टी होता. "अहो, कुठे होतात तुम्ही? मी तीनदा येऊन गेलो, खोली रिकामी. साहेब शोधतायत."

"इथेच तर होते."

त्याने खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. कपाटही आता सावलीत गेलं होतं. पण पडद्यावर प्रत पूर्ण झाली होती. ती मी मोबाइलवर घेतली, ताईचा आवाज माझ्या मुठीत आला होता. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

७

तशीच घरी गेले. बाहेर अजून उजेड होता. आईला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवलं, तिच्या कानांना माझे चांगले हेडफोन लावले, आवाज होता तेवढा मोठा केला आणि सुरू केलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. ती माझ्याकडे प्रश्नार्थक बघत होती. मग तिच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून सैल झाल्या. तिने डोळे मिटले.

"अगं बाई," ती म्हणाली. "अगं बाई गं."

मी तिचा हात धरला. एवढं सुख मला आयुष्यात झालं नसेल. चला, एक तरी गोष्ट मी तिला आणून दिली. माझेही डोळे वाहत होते.

"हो, मीच," आई म्हणाली.

मला वाटलं, मला म्हणतेय. पण ती थांबली, ऐकलं, आणि पुन्हा बोलली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्याने. "बरी आहे. कान तेवढे गेले... जेवलीस का?... असं उपाशीपोटी बसवून ठेवतात होय! ... धाकटी ना? ही काय, इथेच आहे माझ्यासमोर." पुन्हा थांबली. कपाळाला आठी पडली. "तुझ्या शेजारी? कधी आली?"

माझ्या हातातला तिचा हात मला नीट जाणवेना.

आईने डोळे मिटलेलेच ठेवून मला सांगितलं, "मोठी म्हणतेय, धाकटी दुपारपासून येऊन माझ्या शेजारी बसलीय, पण तोंडातून शब्द काढत नाही. खरं का गं?"

"आई, काढ ते! मी इथे आहे! आई!" मी ओरडले. तिला ऐकू जाणार नव्हतं. मी हेडफोन ओढायला हात पुढे केला आणि तिने माझा हात माशी हाकलावी तसा बाजूला केला.

"गप्प बस जरा, ऐकू दे." मग बराच वेळ मान डोलवत राहिली. हळूच हसली. "बैठक सुरू झाली म्हणे एकदाची. लांबणार आहे. एकीला घरी पाठवतायत निरोप घेऊन. दोघींपैकी कोणाला पाठवू, असं विचारतेय."

आईला समजत नव्हतं. तिला वाटत होतं, दोघी मुली एका ठिकाणी आहेत, आज ना उद्या दोघीही येतील, फक्त आधी कोण एवढाच प्रश्न. पण तरी मी वाट बघितली. तिने माझं नाव घ्यावं म्हणून मी तिथे लहान मुलीसारखी वाट बघितली. इतकी वर्षं हिची औषधं, हिचं गरम पाणी, हिची भीती मीच सांभाळली ना? घेईल. माझंच घेईल.

आईला विचार करायला वेळ लागला नाही.

"मग तूच ये गं राणी," ती म्हणाली. "धाकटीचं काय, ती नेहमीचीच आहे."

८

मला राग आला का? आला. नाही कसा येईल? पण तो राग कोणा दुसऱ्याचा असावा तसा लांबून आला. स्वयंपाकघरात इस्त्रीचा वास पसरत होता. टेबल होतं त्यापेक्षा लांब दिसत होतं. मला कुठेतरी कोणीतरी कागद चाळल्याचं, कोणीतरी हलक्या आवाजात 'सरका जरा' म्हटल्याचं ऐकू येत होतं. आणि आमच्या घरातली घड्याळाची टिकटिक मला आता ऐकू येत नव्हती.

आईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ती मान तिरकी करून बसली.

"जिना चढतेय," ती म्हणाली.

कितीतरी दिवस जिला बेल ऐकू आली नव्हती ती बाई जिन्यावरची पावलं ऐकत होती. मलाही ऐकू आली. दोन दोन पायऱ्या एकदम टाकत कोणीतरी वर येत होतं, तरणं, घाईघाईने. आई उठली. पदराने तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला. बेल वाजायच्या आत तिने दार उघडलं.

दार अर्धं उघडलं होतं आणि त्यात आई उभी होती, म्हणून मला सगळं दिसलं नाही. एक कोपर दिसलं. खांद्यावरून पुढे आलेली वेणी दिसली, रबर नुकतं लावलेलं. आईने दोन्ही हातांनी कोणाचा तरी चेहरा धरला होता आणि ती नुसती धरून होती.

"उशीर होईल म्हणून सांगायला आले," वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडत ती म्हणाली. "बाकीचे बसलेत अजून."

"बसू देत. तू आत ये आधी. काय सुकलीयस!"

मी उठून उभी राहिले. पुढे जावं, मिठी मारावी, की खुर्चीचा आधार घ्यावा, काही कळेना. ताई आईच्या खांद्यावरून आत बघत होती. विशीतली पोर. माझ्या पांढऱ्या केसांकडे, चष्म्याकडे तिने परक्या माणसाकडे बघावं तसं कुतूहलाने बघितलं.

"आई, या कोण?"

आई वळली. माझ्या चेहऱ्यावर तिची नजर थांबली, आणि मी बघत होते की ती मनापासून आठवायचा प्रयत्न करतेय. कपाळावर आठी आली, ओठ हलले. मला तिला मदत करावीशी वाटली. मी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. आईने प्रयत्न सोडून दिला. ती आज फार आनंदात होती, आणि आनंदात असली की ती कोणाशीही गोड बोलते.

"अहो, उभ्या का? बसा ना," आई मला म्हणाली. "तुम्ही कोणाकडे आलात?"